लघुउद्योगाचे कायदेशीर स्वरूप आणि भांडवल उभारणी : उदगीरच्या डाळ उद्योगाच्या संदर्भात

प्रस्तावना :
उदगीर हे लातूर जिल्ह्यातील डाळ उद्योगासाठी ओळखले जाणारे शहर आहे. मोंढ्यात तुरीची आवक सुरू झाली की अल्प काळात मोठी खरेदी करावी लागते. त्यामुळे डाळमिलला यंत्रसामग्रीइतकीच खेळत्या भांडवलाची गरज भासते. हे कर्ज थकल्यास त्याची झळ कोणाला बसेल, हे व्यवसायाच्या कायदेशीर स्वरूपावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

कायदेशीर स्वरूप :
एकल मालकी सुरू करण्यास सर्वांत सोपी असते; परंतु व्यवसायाच्या कर्जासाठी मालकाचे घर व इतर खाजगी मालमत्ताही जबाबदार धरली जाते. भागीदारीतही जबाबदारी अमर्यादित असते. भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 25 नुसार प्रत्येक भागीदार संस्थेच्या देण्यांस संयुक्तपणे तसेच व्यक्तिशः जबाबदार असतो. नोंदणी सक्तीची नसली, तरी कलम 69 नुसार नोंदणी न केलेल्या संस्थेला करारावर आधारित येणे वसूल करण्यासाठी ग्राहकावर दावा दाखल करता येत नाही. उधारीवर डाळ विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही उणीव गंभीर ठरते. 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारी, तर कंपनी कायदा, 2013 ने एकल व्यक्ती कंपनी हे पर्याय उपलब्ध झाले. त्यांत जबाबदारी मर्यादित असली, तरी हिशेब व वार्षिक विवरणपत्रांचा खर्च वाढतो.

वित्तपुरवठा :
मर्यादित जबाबदारीचे संरक्षण बँकेपुढे पूर्णतः टिकतेच असे नाही. कंपनीला कर्ज देताना बँका बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी घेतात. तारण नसलेल्या उद्योजकांसाठी 2000 मध्ये पतहमी निधी न्यास स्थापन झाला. शासकीय योजनांची पात्रताही स्वरूपानुसार बदलते. 2008 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात वैयक्तिक उद्योजकाच्या नव्या प्रकल्पास अनुदानाची तरतूद होती. भागीदारी संस्था त्यास पात्र नव्हती. याउलट, 2020 मधील सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत भागीदारी संस्थाही पात्र होती आणि प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदान ठरविण्यात आले होते. म्हणजेच दोन भावांनी घाईने भागीदारीपत्र केल्यास एखाद्या योजनेचे दार बंद होऊ शकते.

निष्कर्ष :
कायदेशीर स्वरूप आधी ठरवून भांडवलाचा विचार नंतर करणे हिताचे नाही. भांडवल किती लागेल, हमी कोण देणार, उधारी किती राहील आणि योजनेची पात्रता काय, हे पाहूनच स्वरूप निवडावे. भागीदारी पत्करल्यास लेखी करार व नोंदणी टाळू नये. नात्यातील विश्वास हे लघुउद्योगाचे मोठे भांडवल असले, तरी तो विश्वास कायदेशीर दस्तऐवजाची जागा घेऊ शकत नाही.