गंधावरून जुळणारे संसार

मोराचा पिसारा आणि कोकिळाचे कूजन आपल्या इतके परिचयाचे आहे की, पक्षी आपला जोडीदार रूप व स्वर पारखूनच निवडतात, असे आपण गृहीत धरतो. पक्ष्यांना वास जवळजवळ येतच नाही, ही समजूत तर शास्त्रज्ञांमध्येही दीर्घकाळ रूढ होती. १९६८ साली बेट्सी बँग आणि स्टॅनली कॉब यांनी १०८ जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूतील गंधकेंद्राचे मोजमाप प्रसिद्ध केले, तेव्हा या समजुतीला धक्का बसला. पेट्रेल कुळातील सागरी पक्ष्यांमध्ये हे केंद्र विशेष मोठे आढळले.

दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन बेटांवर राहणारा निळा पेट्रेल याच कुळातला. शिकारी पक्ष्यांच्या भयाने तो रात्रीच्या अंधारातच आपल्या बिळाकडे परततो. मादी एका हंगामात एकच अंडे घालते आणि ते दोघे मिळून उबवतात. ज्याचे सारे भांडवल एका अंड्यात गुंतलेले, त्याला जोडीदाराच्या निवडीतील चूक परवडत नाही. आणि काळोखात रूप तर दिसत नाही. मग पारख कशी होते? याच बेटांवरील प्रायॉन या पक्ष्यावर फ्रांचेस्को बोनादोना व गॅब्रिएल नेव्हिट यांनी केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन फाटे असलेल्या नळीत सोडल्यावर हे पक्षी परक्याच्या गंधाऐवजी आपल्या जोडीदाराच्या गंधाकडे वळले.

परंतु या गंधात दडलेले असते तरी काय? शरीरात एमएचसी नावाचा जनुकसमूह असतो. पेशीच्या आत काही परके शिरले, तर त्याचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून रक्षक पेशींना दाखवणारी प्रथिने या जनुकांपासून तयार होतात. बँकेच्या काउंटरवर खोटी नोट ओळखण्यासाठी खुणांची यादी असते, तसेच हे समजावे. पिल्लाला एक यादी मातेकडून व एक पित्याकडून मिळते. दोन्ही याद्या एकसारख्या असतील तर ज्ञानात भर पडत नाही. त्या भिन्न असतील तर अधिक प्रकारचे रोगजंतू ओळखता येतात. मारिया स्ट्रँड व सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले की, निळ्या पेट्रेलच्या जोड्यांमध्ये या जनुकांची भिन्नता योगायोगाने अपेक्षित असते त्याहून अधिक होती.

ही यादी वासातून कळते कशी? पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. तिचे तेल पक्षी चोचीने पिसांना लावतात. अलास्कातील किटीवेक या पक्ष्यात या तेलाच्या रासायनिक घडणीचा एमएचसीतील साम्याशी संबंध आढळला. कॅनडातील साँग स्पॅरो पक्ष्यांवरील २०१९ च्या प्रयोगात नर व मादी दोघांनीही आपल्याहून भिन्न जनुके असलेल्या जोडीदाराच्या तेलाचा गंध पसंत केला. तेलग्रंथीतील जीवाणूंचाही या गंधाच्या घडणीत वाटा असावा, असे जुंको पक्ष्यांवरील संशोधन सुचवते.

मात्र 'जितके भिन्न तितके उत्तम' असा सरळ हिशेब येथे नाही. आपल्या अंगणात येणाऱ्या चिमणीच्याच जातीवरील २००६ च्या अभ्यासात, माद्यांनी या जनुकांचे वैविध्य फार कमी असलेले नर टाळले आणि स्वतःपेक्षा अतिशय भिन्न असलेले नरही टाळले. येथेही मध्यम मार्गच हितकर ठरत असावा.

मानवी विवाहांना हा नियम लावण्याची घाई मात्र करू नये. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये घामाच्या सदऱ्यांवर झालेला प्रयोग गाजला खरा. परंतु नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. स्थळ पाहताना कुळ, स्वभाव, शिक्षण व आरोग्य यांचीच चौकशी करावी, हे बरे.

या संशोधनाचा खरा बोध वेगळा आहे. निवड करायची तर निवडीला वाव हवा. सेशेल्समधील कझिन बेटावर नारळाच्या लागवडीसाठी मूळ अरण्य तोडले गेले आणि १९६० च्या दशकात सेशेल्स वॉर्बलर हा पक्षी ३० हूनही कमी संख्येने उरला. १९६८ मध्ये ते बेट पक्षिसंरक्षणासाठी विकत घेतले गेले, अरण्य पुन्हा वाढू दिले, १९८८ मध्ये काही पक्षी अराइड बेटावर नेऊन सोडले. आज त्यांची संख्या काही हजारांवर गेली आहे. तरीही त्यांच्या एमएचसी जनुकांतील वैविध्य त्यांच्या मोठ्या संख्येने आढळणाऱ्या नातलग जातीच्या तुलनेत तोकडेच आहे. तेथील मादीला पारख आहे, पण तिच्यापुढचे पर्यायच मोजके आहेत. घटलेली संख्या संरक्षणाने काही दशकांत भरून येते. पिढ्यान्‌पिढ्या साठलेले वैविध्य एकदा गेले की, ते नुसत्या संख्येने परत मिळत नाही. म्हणून एखादी जात शेवटच्या मूठभर जिवांवर येण्यापूर्वीच तिचा अधिवास राखणे, हेच खरे रक्षण होय.