नदीची वाट (भाग ५) : नळकांडी पुलाखाली अडलेला मासा

गेल्या आठवड्यात आपण धवळेश्वरमला होतो. आर्थर कॉटनने १८५२ मध्ये तिथं गोदावरीवरचा बांध पुरा केला आणि समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या हिलशाची वाट बरीचशी तिथंच खुंटली. आज त्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, गेवराई तालुक्यात येऊ.

इथल्या रोहू, कटला, मृगळ यांना समुद्राशी देणंघेणं नाही. त्यांचा प्रवास नदीतल्या नदीत. पावसाळ्यात गढूळ लोंढा आला की उलट चढायचं, काठालगतच्या बुडालेल्या उथळ जागी अंडी सोडायची, पाणी ओसरायच्या आत मागं फिरायचं. साचलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी पिकतात, पण सुटत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन ती सोडवून दाखवली. आजची मत्स्यबीज केंद्रं इंजेक्शनच्या त्याच तंत्रावर चालतात.

धरण म्हटलं की आपण भिंतीची उंची बघतो. वरच्या पैठण धरणाची भिंत कुठलाही मासा चढणार नाही, हे उघडच आहे. पण गेवराईच्या पात्रात खरा घोळ वेळेचा आहे. जून-जुलैत नाशिककडून येणारा पहिला पूर या धरणाचा नाथसागर पोटात घेतो. दारं उघडतात ती धरण भरत आल्यावर, बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात. दुष्काळी साली उघडतच नाहीत. तोवर खाली राक्षसभुवन, पांचाळेश्वरला गोदामाई हलत नाही. मग माशाला पहिला लोंढा मिळतो तो तालुक्यातल्याच ओढ्या-नाल्यांतून. मासा तिकडं वळतो आणि नळकांडी पुलाखाली अडतो.

हा पूल जवळून बघा. ओढ्यात सिमेंटच्या दोन-तीन नळ्या, त्यावर मुरूम आणि काँक्रीट. ओढ्याची सगळी रुंदी त्या नळ्यांत कोंबलेली, त्यामुळे आतलं पाणी सुसाट. नळीचा तळ गुळगुळीत. दम खायला ना दगड, ना खळगा. वर, नळीतून सुटलेलं पाणी खालची माती उकरतं आणि काही पावसाळ्यांत नळीचं तोंड हातभर उंच लटकतं. मासे त्या डोहात घुटमळतात, उड्या मारतात. आणि पोरंठोरं मच्छरदाणी घेऊन तिथंच उभी! त्यांना दोष कसा द्यायचा? आपणच मासे एका जागी गोळा करून ठेवलेत.

त्या मानानं कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बरा. पावसाळ्यात त्याची दारं काढून ठेवतात, ऐन चढणीच्या दिवसांत वाट मोकळी. नांदेडकडच्या बाभळी बंधाऱ्याची दारं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात. भांडण दोन राज्यांच्या पाण्याचं होतं. मासे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते, तरी वाट त्यांनाही मिळाली.

पैठणला माशांसाठी जिना बांधा, असं कुणी सुचवलं तर मी हात जोडेन. परदेशातले बहुतेक जिने सामन माशाच्या अंगच्या ताकदीवर बेतलेले, आणि मासा वर चढला तरी पुढं मैलोन्‌मैल साचलेलं पाणीच. त्यापेक्षा ओढ्यावरचा पूल नवा करताना नळ्यांऐवजी रुंद चौकोनी मोरी घ्यावी, तिचा तळ ओढ्याच्या तळाखाली दाबावा, म्हणजे आत वाळूगोटे बसून ओढाच पुलाखालून वाहतो. जुन्या पुलांना उन्हाळ्यात खालच्या अंगाला मोठ्या दगडांची उतरती रास घालता येते. डोहाचं पाणी नळीच्या तोंडाला टेकलं की उडी मारायची गरज उरत नाही.