रीलमधला कॉम्प्युटर मोखाड्यात चालेल का?

मोखाड्यात बारावीच्या एका मुलीने मला रील दाखवली. टीव्हीला कीबोर्ड-माउस जोडला की झाला कॉम्प्युटर! "दादा, हे खरं आहे?"

खरं आहे. याला व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. माझं काम याच क्षेत्रातलं, म्हणून सोपं करून सांगतो.

खरा कॉम्प्युटर दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालतो. आपल्याकडे येतं फक्त स्क्रीनचं चित्र, आणि आपण दाबलेली प्रत्येक कळ नेटवरून तिकडे जाते.

पूर्वी सिट्रिक्स, व्हीएमवेअर या कंपन्या हे मोठ्या ऑफिसांच्या आयटी विभागांना विकायच्या. जाहिरात म्हणजे सेमिनार आणि जाडजूड अहवाल. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने मासिक वर्गणीवर विंडोज 365 आणलं. 2025 मध्ये जिओचं जिओपीसी थेट घरच्या सेट-टॉप बॉक्सवर आलं.

गिऱ्हाईक बदललं, तशी जाहिरातही बदलली. आता छोटे व्हिडिओ आणि यूट्यूबवरचे डेमो घरातल्या माणसाशी बोलतात.

पण तीस सेकंदांच्या रीलमध्ये नेट कधीच तुटत नाही. आपल्या डोंगरात तुटतं. नेट गेलं की फाईल डेटा सेंटरमध्ये सुरक्षित राहते, पण काम थांबतं.

म्हणून घेण्याआधी हे बघा:

▪️ घरात संध्याकाळीही नेट स्थिर राहतं का?
▪️ तुम्हाला लागणारं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का? जिओपीसी लिनक्सवर चालतं, विंडोजवर नाही.
▪️ वर्गणी, जीएसटी आणि नेट मिळून वर्षाला किती खर्च होतो?

जव्हार-मोखाड्यात कुणी वापरत असेल तर अनुभव जरूर लिहा. शंका असतील तर कमेंटमध्ये विचारा, उत्तर नक्की देईन.