वाद बांधाचा, कोर्ट कुणाचं?

आपल्यापैकी बरेचजण शेतकऱ्याच्या घरातले. मी नेवाशाकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. सुट्टीत घरी गेलं की बांध, रस्ता नाहीतर पाण्याची पाळी यावरून कुणाचं तरी वाजलेलं असतंच. पारावर सल्ला तयार, "खेच कोर्टात!" पण कुठल्या?

कॅलिफोर्नियात १९९८ साली खालची दोन स्तरांची कोर्टं एकत्र करण्याची मुभा लोकांनी मतदानाने दिली. आपल्याकडे असं मतदान नसतं. ही रचना कायद्याने ठरते आणि ४२ व्या घटनादुरुस्तीपासून (१९७६) तो केंद्र व राज्य दोघांचाही विषय आहे.

राज्यघटनेचं ५० वं कलम न्यायदान आणि सरकारी कारभार वेगळे ठेवायला सांगतं. तरी शेतरस्त्याच्या बाबतीत आजही न्याय तहसीलदारच करतो! वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली त्याच्याकडे दावा करायचा, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. रस्ताच नाही आणि बांधावरून नवा हवाय, तर अर्ज तहसीलदाराकडेच, पण जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली. मालकीचा वाद मात्र दिवाणी कोर्टात.

मग पाण्याचं काय? त्यासाठी २ ऑक्टोबर २००९ पासून ग्राम न्यायालय कायदा लागू झाला. पंचायत समितीच्या पातळीवरचं हे कोर्ट. त्याचा न्यायाधिकारी गावात येऊनही खटला चालवू शकतो. पाटाच्या पाण्याची पाळी, विहिरीच्या पाण्याचा हक्क हे वाद कायद्यात चक्क नाव घेऊन दिलेत. पण अशी कोर्टं राज्याला स्थापन 'करता येतील' असं कायदा म्हणतो, 'केलीच पाहिजेत' असं नाही. म्हणून महाराष्ट्रात ती मोजक्याच ठिकाणी झाली.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, तालुके १४. इथे एक तारीख म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. त्यात चुकीच्या दारात हेलपाटे घालता घालता ६ महिने सरले, की तहसीलदाराकडचा सोपा मार्ग बंद! तोवर तोडीला आलेला ऊस फडातच वाळतो.

तेव्हा घरून रस्त्याच्या भांडणाचा फोन आला, तर "दोष कुणाचा?" नंतर विचारा. आधी विचारा, "रस्ता कुठल्या तारखेला अडवला?"