माप घेतल्याशिवाय नाही

दशमीला पालख्या पंढरपुरात शिरल्या की आमच्या सर्जिकलच्या दुकानात दिवसभर एकच विषय असतो, गुडघा. गेल्या आषाढीला एक आजी आल्या आणि उंबऱ्यापाशीच टेकल्या. आळंदीहून माऊलींबरोबर अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालून आलेल्या. "दिवे घाट चढले गं बाई, पन हितं चंद्रभागेच्या पायऱ्या उतरताना गुडघा बोलाया लागला."

उतारावर तो बोलतोच. सपाटीवर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार पडतो, पायऱ्या उतरताना तिपटीहून जास्त.

वाटेत घेतलेला पट्टा आजींनी नऊवारीवरूनच चढवला होता. वाटीसाठीचं गोल भोक बाजूला सरकलेलं, पोटरीवर वळ, पाऊल सुजलेलं. विकणाऱ्यानं नुसतं बघून 'मीडियम' दिला होता. याचा मला फार राग येतो. चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो की!

मी टेप काढली. आजींना उभं करून वाटीच्या मधोमध घेर घेतला, ४१ सेंटीमीटर. काही कंपन्या वाटीच्या वरचा, मांडीचा घेर मागतात. कुठं मोजायचं ते खोक्यावर चित्रासकट छापलेलं असतं, आणि एका कंपनीचा लार्ज दुसरीचा एक्स्ट्रा लार्ज निघतो. म्हणून अक्षर लक्षात ठेवू नका, सेंटीमीटर ठेवा.

साधी नी कॅप म्हणजे ताणणाऱ्या कापडाची नळी. ती भार उचलत नाही. ऊब देते, आणि कातडीवरच्या दाबामुळे गुडघ्याची हालचाल मेंदूला नीट कळते, म्हणून पाऊल धीटपणे पडतं. चालताना गुडघा एकदम दगा देत असेल तर दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला पट्टा लागतो. पाय धनुष्यासारखे वाकून आतल्या बाजूची गादी झिजली असेल, तर भार बाहेरच्या बाजूला सरकवणारा वेगळा ब्रेस असतो. तो मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही.

ब्रेस वापरावा की नाही, यावर जाणकारांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये, झिजलेल्या गुडघ्यामुळे चालणं किंवा सांध्याची स्थिरता बिघडली असेल तर ब्रेस वापरावा, अशी ठाम शिफारस केली. ब्रिटनच्या २०२२ च्या सूचना सांगतात, सरसकट देऊ नका. व्यायामावर मात्र दोघांचाही भर आहे.

आजींना पडद्याआड नेलं. आधी गुडघ्यावरचं तेल आणि मलम पुसलं. वारीत सेवेकरी प्रेमानं पाय चोळून देतात, पण मलमावर पट्टा आवळला की कातडी भाजल्यासारखी होते. मग त्यांच्या मापाचा पट्टा घेतला आणि गुडघा जरासा वाकवून, भोक वाटीवर बरोबर बसवून, खालची पट्टी आधी आणि वरची नंतर लावली. दोन बोटं आत जातील इतकीच घट्ट. मुंग्या आल्या, बोटं निळसर किंवा गार पडली तर लगेच काढायचा. झोपताना काढायचा. भिजलेला पुन्हा घालायचा नाही. हातानं धुऊन सावलीत वाळवायचा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आणि घरी गेल्यावर खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे धरायचा, खाली आणायचा. मांडीचा स्नायू हाच गुडघ्याचा खरा आधार.

त्याच दुपारी एका गृहस्थांना मी पट्टा विकला नाही. लांबचा एसटीचा प्रवास करून आलेले, एकच पोटरी सुजलेली, हाताला गरम लागत होती. अशा वेळी शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं.

निघताना आजी म्हणाल्या, "असाच एक जावंला दे. तिचं गुडघं माझ्यावानीच हायेत."

"तिलाच घेऊन या, आजी."

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून दोघी आल्या. जावेचं माप ३६ भरलं.