काचेच्या समुद्रातील परोपजीवी

ज्यांची हयात कामगार संघटनेत गेली त्यांनी वसंत व्याख्यानमालेत येऊन माशांच्या रोगांवर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. संगमेश्वरकरांना मासा ताटात कळतो. तो काचेत ठेवून त्याची शुश्रूषा करावयाची ही श्रीमंतांची हौस, असे कोणी म्हणाल्यास आम्ही रागावणार नाही. परंतु त्या काचेमागे एक माणूस उभा असतो. टाकी धुणारा, पाणी बदलणारा, कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात हात घालणारा. अशा माणसांची गाऱ्हाणी ऐकता ऐकताच आम्ही या विषयाकडे वळलो. मासे मेले की पहिला ठपका त्याच्यावर येतो आणि पगार त्याचा कापला जातो. मासे कशाने मेले याचा शोध मात्र कोणी घेत नाही. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. जे कळले ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून कळले. तेच येथे मांडतो.

आपल्या प्रांतात समुद्री मासे काचेत पाहण्याची सोय दोन ठिकाणांमुळे सर्वांच्या परिचयाची झाली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ सालचे; ते पुढे कोकण कृषी विद्यापीठाकडे आले, आणि तेथले मत्स्यालय शाळांच्या सहलींनी पाहिलेले आहे. योगायोग असा की, ज्या रोगाने समुद्री मत्स्यालये हैराण होतात त्याच्या जंतूला शास्त्रीय नाव मिळाले तेही १९५१ सालीच. त्यापूर्वी १९३७ मध्ये जपानात सिकामा यांनी या रोगाचे वर्णन केले होते. ब्राऊन यांनी १९५१ मध्ये त्याचे नामकरण ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स’ असे केले. आपण त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणू. माशाच्या अंगावर, परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसतात. मासा दगडाला अंग घासतो, खाणे टाकतो, श्वासासाठी धापा टाकतो.

या जंतूची दिनचर्या नीट समजावून घेतली तर उपचार आपोआप समजतो, म्हणून येथे जरा थांबू. हा एका पेशीचा प्राणी. माशाच्या कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून तो तेथे तीन ते सात दिवस खातो आणि पोसतो. पोट भरले की मासा सोडतो, तोही बहुधा अंधारात. मग तळाच्या वाळूला, दगडाला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे दोन, दोनाचे चार असा फुटत जातो. एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्ले निघू शकतात. कवच फुटायला तीन दिवस लागतील, नाहीतर चार आठवडे. पाणी थंड असेल तर त्याहूनही अधिक. ही पिल्ले पोहत माशाचा शोध घेतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात.

उघड्या समुद्रात दोनशेपैकी बहुतेकांना मासा मिळतच नाही. काचेच्या टाकीत मासा कोठे जाणार? मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा दाटीवाटीच्या चाळींत काय झाले ते वाचलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. जंतू तोच असतो; दाटीमुळे तो भारी होतो.

आता पाहा. कातडीखालच्या जंतूपर्यंत पाण्यातले औषध पोहोचत नाही. कवचातल्यावर त्याचा परिणाम होत नाही. औषधाच्या तावडीत सापडते ते फक्त पोहणारे पिल्लू. म्हणून चार दिवसांत ठिपके गेले की “मासा बरा झाला” असे म्हणून औषध थांबविणारा मनुष्य फसतो. ठिपके गेले याचा अर्थ जंतू जेवून उठला, एवढाच. आठवड्या-दोन आठवड्यांनी तो शेकड्यांनी परत येतो, आणि मग दोष औषधाला दिला जातो.

औषध कोणते? कोकणातल्या बागायतदाराच्या ओळखीचे: मोरचूद. सुपारीवर कोळेरोग येऊ नये म्हणून चुन्यात मिसळून फवारतात तेच. शुद्ध तांबे दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतके पाण्यात सतत राहिले पाहिजे, आणि ते निदान तीन आठवडे. मोरचुदात तांबे सुमारे चौथा हिस्सा असते. तेव्हा १०० लिटर पाण्याला सुमारे ८० मिलिग्रॅम मोरचूद पुरते. एवढे वजन घरच्या तराजूवर होत नाही. ८ ग्रॅम मोरचूद एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावे. त्यातले १० मिलिलिटर म्हणजे ८० मिलिग्रॅम. तेही एकदम ओतू नये, दोन-तीन दिवसांत थोडे थोडे घालावे, आणि तांबे मोजण्याच्या रंगपरीक्षेने रोज तपासावे. कमी पडले तर जंतू मरत नाही, जास्त झाले तर मासा मरतो. मोरचूद रसायनांच्या दुकानातले शुद्ध घ्यावे, बागेच्या पोत्यातले नव्हे.

दुसरी अडचण चुन्याची. बोर्डो मिश्रणात चुना मोरचुदाला बांधतो हे बागायतदार जाणतो. टाकीत शिंपल्यांची वाळू किंवा प्रवाळाचे दगड असले तर तेही हेच करतात. तांबे पाण्यातून नाहीसे होते. शिवाय कोळंबी, खेकडे, शंख, प्रवाळ यांना तांबे विषच आहे. म्हणून मुख्य टाकीत हे औषध कधीच घालू नये. मासे उघड्या, वाळूविरहित टाकीत न्यावे आणि मुख्य टाकी माशांवाचून सहा आठवडे, जमल्यास त्याहून अधिक, रिकामी ठेवावी. यजमान नसला की पाहुणा उपाशी मरतो.

ज्याला मोरचुदाची भीती वाटते त्याला दोन मार्ग आहेत. एक, मासे दर तीन दिवसांनी स्वच्छ कोरड्या टाकीत हलविणे, असे चार वेळा. गळून पडलेला जंतू फुटायच्या आत मासा तेथून निघून गेलेला असतो. यात औषध लागत नाही, कष्ट लागतात. दुसरा मार्ग खारेपणा कमी करण्याचा. समुद्राच्या पाण्यात हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतो. तो हळूहळू १५-१६ वर आणून तीन-चार आठवडे ठेवला तर पांढऱ्या ठिपक्यांच्या जंतूचे कवच फुटून नासते. शास्त्रीच्या काठच्या माणसाला हे पटायला वेळ लागणार नाही. जयगडाकडून येणारे खारे पाणी पावसाळ्यात पुराच्या लोंढ्याने किती गोडे होते हे आपण पाहतो, आणि कालुंदर, बोय, जिताडा हे मासे तो बदल सोसतात. सगळे समुद्री मासे मात्र सोसत नाहीत, आणि कमी खाऱ्या पाण्यातही तगणाऱ्या जंतूच्या काही जाती आढळल्या आहेत. तेव्हा यावर डोळे मिटून भिस्त ठेवू नये.

याहून वाईट रोग मखमलीचा. त्याचा जंतू, ‘अमायलूडिनियम’, ब्राऊन यांनीच १९३१ मध्ये वर्णिला. तो कल्ल्यांत मुळे रोवून बसतो. अंगावर बारीक पिवळसर धूळ दिसते, कधी तीही दिसत नाही. मासा नुसता धापा टाकतो आणि एक-दोन दिवसांत आटोपतो. पाणी गोडे केले तरी याला फारसे वाटत नाही. येथे तांबेच कामास येते, तेही त्वरा केली तर. विदूषक माशांची पैदास करून चार पैसे मिळवू पाहणाऱ्यांनी हा रोग आधी ओळखावयास शिकावे. उसनवारीने घेतलेल्या भांडवलाची राख एका रात्रीत होते ती यानेच.

चपट्या कृमींचे त्यामानाने सोपे. माशाला पाच मिनिटे गोड्या पाण्यात धरले की ते पांढरे पडून गळतात. पाण्यात क्लोरीन नसावे, आणि उष्णमान टाकीइतकेच असावे. अंडी मात्र टाकीत उरतात, म्हणून काही दिवसांनी पुन्हा करावे लागते. माणसाच्या पट्टकृमीवरचे प्राझिक्वांटेल हे औषधही येथे चालते.

पण या सर्वांपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे नवा मासा निराळा ठेवणे. व्हेनिसच्या बंदरात जहाजे चाळीस दिवस दूर थांबवीत, त्या चाळीसच्या आकड्यावरून विलगीकरणाला तिकडचा शब्द पडला. माशालाही चार ते सहा आठवडे वेगळी टाकी द्यावी. मालक मंडळी येथेच हात आखडतात; दुसरी टाकी म्हणजे त्यांना वायफळ खर्च वाटतो. पहिली टाकी बसली की त्याच्या अनेक पटींनी जातो, आणि बोल टाकी धुणाऱ्याला. त्या वेगळ्या टाकीची जाळी, बादली, नळीही वेगळी हवी. ओल्या जाळीतून थेंबभर पाणी गेले तरी रोग गेला. हात धुवावे, वाळू द्यावे, मग दुसऱ्या टाकीत घालावे. ज्याच्याकडून मोरचूद हाताळून घ्यावयाचे त्याला हातमोजे मालकाने द्यावे. मागून घ्यावे लागू नयेत.

आणि उपचार संपल्यावर ते तांबे असलेले पाणी पऱ्ह्यात किंवा खाडीत ओतू नये, तिसऱ्या-खेकडे त्याने मरतात. पिंपात चुना घालून ते दोन दिवस निवू द्यावे. तळाशी बसलेला निळसर गाळ विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावा.