विभेदक दंतचक्रांचे वंगण तेल

मोटारगाडीच्या मागील आसावर चालक दंडाची गती काटकोनात वळवून चाकांना देणारी दंतचक्रे आणि वळणावर दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगांनी फिरू देणारे विभेदक यांसाठी वापरण्यात येणारे तेल. ही यंत्रणा एकाच बंद पेटीत असते व व्यवहारात तिला डिफरेन्शियल म्हणतात. सामान्य गाडीत या पेटीला पंप नसतो. मोठे मुकुटचक्र तेलात अंशतः बुडालेले असते व फिरताना तेच तेल उडवून पिनियन व धारवे यांपर्यंत पोहोचविते. हे तेल एंजिनाच्या तेलाप्रमाणे वारंवार बदलले जात नाही. त्यामुळे निवडीत झालेली चूक हजारो किलोमीटरपर्यंत तशीच राहते.

हायपॉइड दंतचक्रे : कोणते तेल हवे, हे मुख्यत्वे दात्यांच्या रचनेवरून ठरते. जुन्या गाड्यांत सरळ व पुढे सर्पिल दात्यांची शंकुरूप दंतचक्रे असत. त्यांत पिनियनचा अक्ष मुकुटचक्राच्या अक्षाला छेदतो, दाते बव्हंशी एकमेकांवर लोळतात आणि साध्या जाड खनिज तेलावर काम भागते. १९२६ मध्ये पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने ग्लीसन कंपनीने विकसित केलेली हायपॉइड दंतचक्रे आपल्या गाडीत बसविली. त्यांत पिनियनचा अक्ष मुकुटचक्राच्या अक्षाखाली काही सेंटिमीटर सरकविलेला असतो. त्यामुळे चालक दंड खाली आला, गाडीचा तळ बसका करता आला व पिनियनही मोठा आणि भक्कम झाला. भारतात २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अँबॅसडर गाडीच्या मागील आसावर याच प्रकारची दंतचक्रे होती.

या सोयीची किंमत वंगणाला मोजावी लागते. हायपॉइड दाते नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने एकमेकांवर घासत सरकतात. प्रचंड दाब व घसरण एकत्र आल्याने तेलाचा पापुद्रा फाटतो, धातूचे सूक्ष्म उंचवटे क्षणभर एकमेकांना चिकटतात व लगेच उपटले जातात. दात्यांचा कठीण केलेला पृष्ठथर असा खरवडला गेला की झीज झपाट्याने वाढते, ठराविक वेगाला आस घुमू लागतो आणि अखेर क्राउन-पिनियन बदलावे लागतात. कारखान्यात ही दोन चक्रे एकमेकांवर घासून जुळविलेली असल्याने ती जोडीनेच बदलणे भाग पडते.

हे टाळण्यासाठी तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळतात. त्यांना अतिदाब समावेशके म्हणतात. स्पर्शबिंदूवरील क्षणिक उष्णतेने ती लोखंडाशी विक्रिया पावून अतिशय पातळ थर तयार करतात. धातूऐवजी हा थर झिजतो व पुन्हा तयार होतो. नियंत्रित स्वरूपाचे गंजणेच येथे संरक्षक ठरते, असे म्हणता येईल.

सेवावर्ग : अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने केलेल्या वर्गवारीतील जीएल-४ व जीएल-५ हे वर्ग मोटारगाड्यांच्या संदर्भात महत्त्वाचे आहेत. जीएल-५ तेल धक्क्याचे भार आणि मंद वेगातील मोठा जोर सोसणाऱ्या हायपॉइड दंतचक्रांसाठी असते. जीएल-४ मध्ये समावेशकांचे प्रमाण कमी असते. मागील हायपॉइड आसात ते भरणे धोक्याचे होय. उलट, जीएल-५ वरचा वर्ग म्हणून सर्वत्र चालेल ही समजूतही चुकीची आहे. गिअरपेटीतील सिंक्रोमेश कड्या पुष्कळदा पितळी असतात. क्रियाशील गंधक उष्ण अवस्थेत तांबेयुक्त धातूंवर परिणाम करते, शिवाय कड्यांना आवश्यक असलेले घर्षणही बदलते. प्यूजो ४०४ या फ्रेंच गाडीच्या मागील आसात मळसूत्र दंतचक्र व काशाचे चक्र होते. तिच्यासारख्या आसाला नेहमीचे हायपॉइड तेल योग्य नव्हे. मारुती ८०० सारख्या पुढील चाकांनी चालणाऱ्या गाडीत विभेदक गिअरपेटीतच असल्याने त्यासाठी वेगळे तेल नसतेच.

श्यानता : दुकानात ‘नव्वद नंबर’ म्हणून मागितले जाणारे तेल एंजिनाच्या चाळीस नंबरी तेलाच्या दुपटीहून जाड असते, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः एसएई या संस्थेच्या या दोन मोजपट्ट्या स्वतंत्र आहेत. १००° से. तापमानाला ९० श्रेणीच्या तेलाची श्यानता १३·५ ते १८·५ सेंटिस्टोक असते, म्हणजे ते एंजिनाच्या ४० वा ५० श्रेणीच्या तेलाएवढेच जाड असते. ८०डब्ल्यू-९० सारख्या बहुश्रेणी तेलातील पहिला आकडा थंडीतील प्रवाहितेचा निदर्शक होय. ८५डब्ल्यू श्रेणीची कसोटी −१२° से., ८०डब्ल्यूची −२६° से. व ७५डब्ल्यूची −४०° से. तापमानाला घेतात. महाराष्ट्रात ही मर्यादा गाठली जात नाही. लडाखच्या हिवाळ्यात मात्र ८५डब्ल्यू तेल अपुरे पडते.

निर्मात्याने ९० श्रेणी सांगितली असता १४० वापरल्यास अधिक सुरक्षितता लाभते असे नाही. जाड तेल घुसळण्यात शक्ती वाया जाते, तेल तापते व थंड अवस्थेत पिनियनच्या धारव्यांपर्यंत उशिरा पोहोचते. घुमणाऱ्या आसात असे तेल भरून गाडी विकण्याची युक्ती जुनी आहे. तीत आवाज दबतो, झीज नव्हे.

मर्यादित घसरणीच्या काही विभेदकांत तबकड्यांचे क्लच असतात. त्यांना घर्षण-नियामक समावेशक असलेले तेल लागते, अन्यथा वळणावर गाडी थरथरते. केवळ दंतचक्रांवर चालणाऱ्या टॉर्सेनसारख्या प्रकारांना ते सहसा लागत नाही.

तेलाची पातळी सामान्यतः भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत ठेवतात. मात्र त्या वेळी गाडी सपाट जागी उभी असावी. त्याहून जास्त भरलेले तेल आसाच्या टोकांतून पाझरून गतिरोधकांवर उतरू शकते. पेटीचे श्वसनछिद्र चिखलाने बुजल्यासही हाच परिणाम होतो. पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी विशेष तपासावी लागते, कारण तापलेली पेटी एकदम थंड होताना पाणी आत ओढून घेते. काढलेले तेल दुधाळ दिसले, तर ते ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता बदलावे लागते.